पोळीवरचे गुणवंतराव

आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला, त्या दिवाळीची गोष्ट हाये. टाकला म्हनतात, पन आमचं गाव काई जागचं हाललं नाई. चामोर्शीच्या बाजारात तेच वांगे, तेच वाळले झिंगे, अन् गुणवंतरावच्या तोंडात तेच बोलनं: "शकुबाई, बायायच्या हातात ताल नसते वो."

हे तो मलेच काऊन सांगे? कारन त्याच्या दंडारीची, म्हनजे नाच-गान्याच्या मेळ्याची, तालीम माह्या घराच्या मांगं चाले, अन् मी कुडाच्या अलीकडून परात वाजवत राहो. मुद्दामच. तिकडं नाचनाऱ्या गड्यायनं उजवा पाय उचलला का इकडून माही परात खन्‌कन वाजे. मंग एकाच्या पायावर दुसरा, दुसऱ्याच्या पायावर तिसरा, अन् कुडावरून गुणवंतरावचं मुंडकं वर ये.

"शकुबाई!"

"काय जी?"

"परात काऊन वाजवून राह्यल्या?"

"घासून राह्यली, भाऊ. दिवाळी आली ना."

चाळिशी उलटली होती माही तवा. लोकं म्हनत, ह्या वयात बाई देवाच्या मांगं लागते. मी बी लागली होती, पन लोकायच्या मांगं. देव बिचारा मजाक केली तरी चिडत नाई, त्यात काय मजा?

गुणवंतराव मात्र असा चिडे का पैसे देऊन बी असा तमाशा भेटनार नाई. मोठ्या मिशा, अन् मिशीवर भेदरं, तुमचं टमाटर, ठेवल्यावानी लाल, गोल नाक. गावच्या दंडारीचा तो मालक. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा भरे, अन् मंडईत दिवसाढवळ्या दंडार नाचे. आमच्या दंडारीत ढोलकी गुणवंतरावचीच. दुसऱ्या कोनी हात लावला तं तो त्या मानसाले झाडू माराच्या कामावर घाले.

पन खरी गोष्ट अशी का गुणवंतराव जन्माचा डेबरा. म्हनजे डाव्या हाताचा. लहान होता तवा त्याच्या मायनं डेबरा हात कमरेले बांधून त्याले उजव्यानं जेवाले शिकवलं. पोट्टे "डेबऱ्या, डेबऱ्या" करत मांगं लागत. तवापासून चारचौघात तो सारं उजव्यानं करे. विडी उजव्यानं, रामराम उजव्यानं, ढोलकीची बारीक बाजू, जिथं खरा ताल असते, ती बी उजव्यानं. अन् कशी वाजे ती ढोलकी? ओल्या पोत्यावर कोनी काठी हानून राह्यलं, अशी. सारं गाव ऐके, मान हालवे, अन् घरी जाऊन कानात तेल टाके.

माह्या घराले लागून नानाजीचं घर. नानाजी वाढई, म्हनजे सुतार. शिवनीच्या लाकडाचं ढोलकीचं खोड कोरावं तं त्यानंच. त्याचा पोरगा मुखरू दंडारीत झांज वाजवे, अन् मुखरूची बायको म्हनजे कमळा.

ही कमळा बोले तं असं वाटे का शब्द बी तिले सासऱ्याले पुसूनच भेटतात. पन हातात पटाशी आली का बाई बदलून जाये. पटाशी म्हनजे लाकूड कोराचं धारदार हत्यार. दुपारी नानाजी घोरत पडला का कमळा त्याच्या हत्याराच्या पेटीतून सगळ्यात बारीक पटाशी काढे, अन् फेकून देल्या फळकुटावर चित्र कोरत बसे. जात्यावर बसलेली बाई. मुसळ हानताना पदर खोचलेली बाई. सूप पाखडताना डोळे मिटलेली बाई. अन् साऱ्या बायायची तोंडं उघडी. मी तिले पुसलं, "ह्या साऱ्या जांभया देऊन राह्यल्या का वो?"

"गाऊन राह्यल्या," कमळा म्हने.

मंग आम्ही ते चित्र छापत असू. कंदिलाच्या काचेवरची काजळी अन् जवसाचं तेल एकात घोटाचं, चिंधीच्या बोळ्यानं लाकडावर थापटाचं, वरतून किरान्याच्या पुड्याचा कागद ठेवाचा, अन् वाटीच्या बुडानं घासाचं. कागद उचलला का झालं. कोरलेलं पांढरं, बाकी सारं काळंभोर. तेल, काजळी अन् कागद मी चोरून आनो, चित्र ती काढे. माह्या घराच्या आतल्या भिंतीवर पेजेनं चिटकवलेल्या तिच्या बाया अशा दाटीनं उभ्या होत्या का माहा नवरा म्हने, "कपडे बदलाची बी लाज येते मले इथी."

एक दिवस कमळा म्हनली, "शकुबाई, छापलं का सारं फिरते वो."

"काय फिरते?"

"डावं उजव्याकडं जाते, उजवं डाव्याकडं."

"फिरू दे," म्या म्हनलं. "जातं बी फिरते." मले घाई होती. लटारू न्हाव्याची बकरी सोडून गुणवंतरावच्या अंगनात बांधाची होती.

हे ऐकून ठेवलं असतं तं पुढची सारी गडबड झालीच नसती. पन मंग तुम्हाले सांगाले माह्यापाशी तरी काय राह्यलं असतं?

तं एक दिवस नानाजीची झोप लवकर उघडली. उठून पायते तं सून ओसरीवर, मांडीवर फळकूट अन् हातात पटाशी. असा बोंबलला का माह्या घरचं मांजर चुलीत गेलं.

"ह्या पेटीले तुह्या सासूनं हात नाई लावला! तुह्या आजेसासूनं नाई लावला! दसऱ्याले पूजा होते त्या हत्यारायची, अन् तू त्यानं बाया काढून राह्यली?" त्यानं चामोर्शीच्या बाजारातून एक कुलूप आनलं, हे एवढं. किल्ली करदोड्याले बांधली. "आता ढोलक्यायचं काम चालू हाये म्हनून पेटी उघडी हाये. मंडई झाली का कुलूप. मी मेल्यावर उघडजा."

नानाजीची तब्येत पायता ते काई इतक्यात होनार नोहोतं.

कमळा माह्याकडं आली. रडली नाई. भिंतीवरच्या बायाकडं पायत उभी राह्यली. मंग म्हनली, "अजून पानी भरनारी राह्यली वो, शकुबाई. अन् भुलाबाईचे गाने म्हननाऱ्या पोरी राह्यल्या. आता ह्या डोक्यातच राह्यतीन का?"

म्या म्हनलं, "भेऊ नको. मी हाव ना."

"तेच तं भेव हाये," कमळा म्हनली.

माहं डोस्कं चालाले लागलं. कुलूप लागनारच हाये, तं लागाच्या आधी एक असं चित्र व्हाले पायजे का गावानं नाव काढलं पायजे. अन् गाव कोनाले पाहून हासते? गुणवंतरावले. "कमळे, गुणवंतराव काढ. ढोलकी वाजवताना काढ. अन् डेबऱ्या हातानं वाजवताना काढ!"

मले वाटलं कमळा भेईन. पन ती म्हनली, "म्या त्याले तसं पायलं हाये. गोठ्यात एकटा असला का डेबऱ्याच हातानं वाजवते. लय मस्त वाजवते वो."

"हो, हो," म्या म्हनलं, "पन नाक मोठं काढजो."

मोठं, सपाट, चोपडं लाकूड त्या घरात एकच होतं: पोळपाट. सागाचा, नानाजीनं सोताच्या लग्नात सोताच्या हातानं केलेला. कमळानं त्याच्या पाठीवर गुणवंतराव कोरला. वरतून पोळ्या लाटल्या जात अन् खालून गुणवंतराव चूप पडून राहे. कोनाले पत्ता नाई.

मंडईच्या दोन रोज आधी दंडारीचं जेवन नानाजीकडं राहे. नव्या ढोलकीची पूजा होये, अन् मंग पुरनाची पोळी. पोळ्या लाटाले मी गेली. कमळा तव्यापाशी. बाहेर ओसरीवर गुणवंतराव, मुखरू, नानाजी, सारे दंडारीवाले पंगतीले बसले होते. अन् गुणवंतराव मोठ्यानं सांगून राह्यला होता, "मी म्हनतो बायायनं पोळ्या कराव्या. पोळीले ताल लागत नाई."

बस. मी पोळपाट उलटा केला.

पोळी लाटली, शेवटी तळहातानं चांगली दाबली, अन् उचलून तव्यावर टाकली. कोरलेल्या रेघांत जेवढं पीठ गेलं तेवढं वर उठलं होतं. जे वर उठलं ते तव्याले आधी लागलं, अन् जे आधी लागलं ते काळं झालं. कमळानं पोळी पलटवली, तं तव्यावरून गुणवंतराव आमच्याकडं पाहून राह्यला!

कमळाचं तोंड पिठावानी झालं. "शकुबाई! मामाजी पटाशी आजच घेतीन वो!"

"अवो, सारे हासतीन. हासल्यावर कोन चिडते?"

"मामाजी चिडतात."

पन तोवर बाकीच्या पोळ्या बी तशाच झाल्या होत्या, अन् मुखरू येऊन थाटी घेऊन गेला होता. मी दरवाज्याच्या फटीले डोळा लावला.

पयली पोळी मानाची, गुणवंतरावच्या थाटीत. त्यानं तुपाची धार सोडली, घास तोडाले हात नेला, अन् हात तिथीच थांबला. बाकीच्यायच्या थाटीत बी पोळ्या पडल्या. अन् मंग सुरू झालं.

"आबे, माह्या पोळीले मिशा हायत!"

"माह्यावाल्यात ढोलकी हाये. पुरन बराबर ढोलकीतच भरलं."

"मले नाक आलं. एवढं नाक मी एकटा कसा खाऊ?"

पंगतीत हासू फुटून राह्यलं होतं अन् दाबल्या जाऊन राह्यलं होतं. मी फटीत वाट पाहून राह्यली, का आता गुणवंतरावले डेबरा हात दिसते, आता थाटी उडते, आता पळा.

गुणवंतरावनं पोळी दोन्ही हातानं उचलली. उजेडाकडं धरली. तूप कोपरावरून गळून राह्यलं होतं, त्याचं ध्यानच नाई. मंग त्यानं हळूच पुसलं, "मुखरू, हा कोनता हात हाये गा? ढोलकीच्या बारीक बाजूवरचा?"

मुखरूनं मान वाकडी करून पायलं. "उजवा, भाऊ."

मी फटीतून आत पडता पडता राह्यली. उजवा? मी मांगं वळून कमळाकडं पायलं. ती तव्याकडं पाहून म्हनली, "सांगतलं होतं ना. छापलं का फिरते."

बाहेर गुणवंतरावचे डोळे भरून आले होते. "उजवा," तो म्हनला. "पाहा बे साऱ्यायनं. किती बराबर बसला हाये उजवा हात." अन् त्यानं ती पोळी खाल्ली नाई. खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधली, तुपासकट, अन् छातीशी धरून बसला. आपली पोळी खानाऱ्यायकडं तो असा पाहे का एकानं चावलेला कान तोंडातून काढून थाटीत ठेवला.

नानाजीले मात्र दुसराच उजेड पडला. "हा सागाचा नकसा हाये," तो उठला. "सागाच्या रेघा हायत पोळीवर. माहा पोळपाट! माह्या लग्नाचा पोळपाट कोनं कोरला?"

मी म्हननारच होती का उंदरानं. पन कमळा दरवाज्यात जाऊन उभी राह्यली, पदर डोक्यावरून घेतला अन् म्हनली, "म्या कोरला जी, मामाजी."

नानाजीचा हात करदोड्याकडं गेला. तेवढ्यात गुणवंतराव म्हनला, "थांब गा, नानाजी. कुलूप कशाले? मंडईले मले ह्याच चित्राचे कागद पायजे. झाडाझाडावर लावाले. असाच हात पायजे. चांद्याले नेलं तं छापखान्यावाला मिशा कापते. पोरीले करू दे."

गुणवंतरावले नाई म्हनाची नानाजीची हिंमत नोहोती. पन मान तं ठेवाचा होता. त्यानं बोट उचललं. "मंडईपर्यंत पटाशी तिच्यापाशी. पन साऱ्यायसमोर सांगून ठेवतो. एक बी गोष्ट उलटी झाली, तं पेटीले कुलूप. अन् काईच उलटं नाई झालं..."

"तं?" म्या आतून ओरडली.

"तं किल्ली तिची," नानाजी म्हनला. म्हनून गेला, अन् लगेच तोंड असं केलं का जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी कमळा शिवनीच्या मोठ्या फळीवर बसली. गुणवंतराव मधात, ढोलकी घेऊन, खराखुरा डेबरा, म्हनजे छापल्यावर उजवा. अन् त्याच्या चारी बाजूनं तिनं आमच्या गल्लीतल्या बाया बसवल्या. एक जातं ओढून राह्यली, एक मुसळ हानून राह्यली, एक सुपावर बोटं वाजवून राह्यली, अन् मी परातीवर लाटनं. साऱ्यायची तोंडं उघडी. सैपाकघराचा पुरा बँडबाजा.

गुणवंतराव पाहाले आला. "ह्या बाया कशाले?"

"तुमच्या मांगं ताल धराले, भाऊ," म्या म्हनलं. "कोनी तरी धराले पायजे ना."

तो काई बोलनार होता, पन त्याचं ध्यान आपल्या हाताकडं गेलं अन् तो खुश होऊन चालला गेला.

आता खाली नाव पायजे होतं. कमळाले अक्षर येत नोहोतं. मी तिसरी पास. म्या म्हनलं, "आन ती पटाशी, नाव मी कोरतो."

"शकुबाई, उलटं कोरजा."

मले रागच आला. "मी तिसरीपर्यंत शिकली हाव, कमळे. मास्तर म्हने, शकूचं अक्षर मोत्यावानी. मी काऊन उलटं कोरू?" अन् म्या जीव लावून, जीभ बाहेर काढून, एकदम सरळ, सुंदर कोरलं: 'गुणवंतरावची दंडार'. काना-मात्रा सुदा सोडली नाई.

मंडईच्या दिवशी सकाळी आम्ही माह्या अंगनात कागद छापले. पयला कागद कमळानं उचलला अन् धरून उभी राह्यली. चित्र असं उठलं होतं का अंगावर काटा यावा. अन् त्याच्या खाली माहे मोती. सारे उलटे. 'दंडार' तिकडच्या टोकाले, अन् काने सारे भलत्याच बाजूले. मी कागद वर केला, खाली केला, पायाच्या मधातून वाकून पायला. नाई.

कमळा खाली बसली. "उलटं झालं, शकुबाई," एवढंच म्हनली, अन् पटाशी चिंधीनं पुसाले लागली. अशी पुसे का लेकीले सासरी धाडून राह्यली.

खोटं नाई सांगत, माही मस्ती तिथी उतरली. पन थोड्याच वेळासाठी. दुसरी फळी कोराले वेळ नोहोता. मंग मले लटारू न्हावी आठवला.

लटारू मंडईत आंब्याच्या झाडाखाली बसे, अन् झाडाले त्याचा मोठा आरसा टांगला राहे. मी एक कागद त्या आरशाच्या बराबर समोर, दुसऱ्या झाडाले लावला. "लटारूभाऊ, लोकायले म्हना, कागद आरशात वाचाचा हाये. नवी फॅशन. मुंबई राज्यात असंच असते."

"खरं काय वो?"

"तं काय! आता आपन मुंबईत हावो ना."

मंडई भरली. लाह्या, रेवड्या, पिपान्या, झेंडे, धूळ. अन् आरशापाशी ही गर्दी! आधी लोकं कागदापाशी मान वाकडी करून उभे राहत, मंग पळत आरशापाशी जात, अन् "गुण... वंत... रावची... वाचल्या गेलं!" करून ओरडत. ज्याले वाचता येत नोहोतं तो बी आरशात पाहून आपल्या मिशा पुसून ये. आम्ही दोघी बाजूले उभ्या होतो. नानाजी किल्ली चाचपत आला, कागद पायला, तोंड उघडलं. मी त्याले हाताले धरून आरशापाशी नेलं.

"वाच, नानाभाऊ. सुलटं हाये का नाई?"

नानाजीनं वाचलं. पुन्हा वाचलं. "सुलटं हाये," नाइलाजानं म्हनला.

कमळानं माहा हात घट्ट धरला. जमलं होतं! अन् तेवढ्यात गर्दीतून कोनीतरी ओरडलं, "आबे, आरशात पाहा! गुणवंतराव डेबरा!"

झालं. हे माह्या डोक्यातच आलं नोहोतं. आरशानं अक्षरं सुलटी केली, तं गुणवंतरावचा हात बी फिरवला. लोकं कागदाकडं पाहात: उजवा. आरशाकडं पाहात: डेबरा. "उजवा!" "डेबरा!" "उजवा!" "डेबरा!" पोट्ट्यायनं तं त्याच्यावर नाचनंच सुरू केलं.

अन् दंडारीच्या मेळातून, फेटा बांधून, गळ्यात ढोलकी घालून खुद्द गुणवंतराव चालत आला.

गर्दी फाटली. तो आरशासमोर उभा राह्यला. आरशात एक कागदाचा गुणवंतराव, डेबऱ्या हातानं ढोलकी वाजवून राह्यलेला, अन् एक हाडामासाचा, नाक लाल, मिशा थरथरून राह्यलेल्या. नानाजी किल्ली सोडाले लागला. "उलटं झालं," तो म्हनला. "साऱ्यायनं पायलं. पोरी, आन ती पटाशी."

कमळानं पदरातून पटाशी काढली. पन देल्ली नाई. ती गुणवंतरावकडं वळली, अन् एवढ्या लोकायसमोर म्हनली, "भाऊ, मी तुमची थट्टा नाई केली. गोठ्यात तुम्ही जसे वाजवता, तसेच काढले जी."

"गोठ्यात?" गुणवंतराव पांढरा पडला. "तुले कोनं सांगतलं?"

"कुडाले फट हाये."

तेवढ्यात गुणवंतरावची बायको भागीरथाबाई रेवड्या खात खात पुढं आली. ती आरशाकडं पाहून म्हनली, "कागदावर उजवा, आरशात डेबरा. घरी कोनता हाये ते मले पुसा! गाईले वैरन डेबऱ्या हातानं, माह्या पाठीत धपाटा डेबऱ्या हातानं, अन् मी रुसली का साखर बी डेबऱ्याच हातानं भरवतात. उजवा हात तं निसता लोकायसाठी ठेवला हाये, पाव्हन्याच्या खाटेवानी."

अख्खी मंडई हासाले लागली. आरसा हालून राह्यला होता. गुणवंतराव आधी लाल झाला, मंग जांभळा झाला, अन् मंग त्याच्या मिशीच्या खालून बी एक हासू निघालं. त्यानं दोन्हीकडं पायलं, अन् गळ्यातली ढोलकी सर्रकन फिरवली. बारीक बाजू डेबऱ्या हाताकडं.

अन् वाजवली.

बाप्पा! काय सांगू तुम्हाले. ओलं पोतं कुठी अन् हे कुठी! अशी बोलाले लागली ढोलकी का लटारूच्या खाली अर्धी दाढी झालेला मानूस उठून नाचाले लागला. मुखरूची झांज पकडे पकडे तोवर ढोलकी पुढं जाये. पाय आपोआप पडत होते. म्या लाह्यावालीची परात उचलली. शेजारनीनं तिचं सूप घेतलं. अन् त्या दिवशी पयल्यांदा म्या परात बराबर तालात वाजवली. गुणवंतराव वाजवता वाजवता ओरडला, "शकुबाई, तुम्हाले ताल येते?"

"येते जी! तुम्हालेच येत नोहोता!"

नानाजी एकटा हालत नोहोता. त्यानं कान ढोलकीकडं केला होता. ते खोड त्याच्याच हातचं होतं. "ह्या लाकडातून असा आवाज येते?" तो सोताशीच म्हनला. "कोरलं म्या, अन् मलेच मालूम नाई?" मंग त्यानं कागदाकडं पायलं, आरशाकडं पायलं, अन् खऱ्या गुणवंतरावकडं पायलं. आरशातल्या कागदावरचा अन् खरा एकदम सारखा.

"काय म्हनता, नानाभाऊ?" म्या पुसलं. "उलटं का सुलटं?"

"चूप राह्य वो, शके," तो म्हनला. "सुलटं." अन् त्यानं करदोड्याची गाठ ओढली, किल्ली सोडाले.

आता एका गोष्टीचा त्यानं विचार केला नोहोता. त्याच करदोड्यावर त्याचं धोतर बी होतं.

किल्ली सुटली अन् संगच बाकी सारं सुटलं. नानाजीनं खाली बसून जेवढं धरता आलं तेवढं एका हातानं धरलं, अन् दुसऱ्या हातानं किल्ली वर केली. "घे वो पोरी, घे लवकर! अन् शके, तू तिकडं पाय!"

मी नाई पायलं तिकडं. असं पाहाले दरसाली थोडंच भेटते?

कुलूप आता माह्या घरी हाये, मिरच्या वाटाच्या पाट्याखाली टेकन म्हनून लावाले कामी येते. कमळानं त्या हिवाळ्यात पानी भरनाऱ्या काढल्या, भुलाबाईच्या पोरी काढल्या, अन् मंग एक दिवस मंडईचं चित्र काढलं: ढोलकी, परात, सूप, अन् मधात धोतर धरून बसलेला नानाजी. छापून सासऱ्याच्या हातात देल्लं. मी कुडापाशी कान लावून उभी, का आता बोंबलते.

नानाजीनं कागद खूप वेळ पायला. मंग म्हनला, "हात चुकला, पोरी. धोतर म्या डाव्या हातानं धरलं होतं."

"छापलं का फिरते जी, मामाजी."

"असं काय?" नानाजी म्हनला. "मंग आरसा आन."